न सोडता पास केलेले पुडे

सुजे, तुह्या कॉलेजातल्या मॅडमनं माह्यापुढं मोबाईल ठेवला हाय. तुह्या नावाचं पुस्तक काढून राह्यले म्हने ते लोकं. म्हने, "बाई, तुमी बोला, आमी जसंच्या तसं लिहून घेतो." म्या म्हनलं, मी चवथी शिकलेली, तुमच्या प्रोफेसराईच्या पुस्तकात माहं काय काम? तं मॅडम म्हनते, "सुजाता मॅडम रोज तुमचंच नाव घेत." आता याच्यावर काय बोलाव. बसली मंग.

तू कोनत्या साली लागली, किती पोरं शिकवले, कोनता कागद कुठं छापून आला, हे सारं दुसरे लोकं लिहीन. मले त्यातलं काही येत नाही. मले तुह्याशी बोलाचं हाय. तुले जाऊन अजून पंधरा दिवस नाही झाले. तुही हिरवी साडी कालपर्यंत दोरीवरच होती. कोनी काढली नाही. म्या काढली, घडी केली, आन मंग ते घडी कुठं ठेवाची ते मले समजलंच नाही. घेऊन बसली मांडीवर.

एक गोष्ट तुले सांगाची होती. चाळीस वर्सं होत आले. तोंडापर्यंत ये आन वापस जाय. तुहं लगन माह्या शब्दावर झालं होतं. हे तुले मालूम होतं. पन तो शब्द म्या कसा देल्ला, हे तुले मालूम नाही असं मी समजून चालली. आज सांगतो.

माय गेली तवा तू दीड वर्साची होती आन मी सोळाची. दुधाचा वास येनारं लेकरू माह्या कंबरेवर टाकून माय गेली. तुले घेऊन मी निंदाले जाओ. बांधावर लुगड्याची झोई करो, तुले त्यात टाको, एक पाथ झाली का येऊन पाहो. बायका म्हनत, "कावं, हे तुही पोरगी का बहीण?" मी म्हनो, "दोनी." मंग माहं लगन झालं. फुलसावंगीकडून मी इकडं आली, मुकुटबनच्याबी पुढं, झरीच्या जंगलात. तू बाबापाशी राह्यली. पोस्टाचं कार्ड लिही तू. इतकं बारीक अक्षर का मी एक एक अक्षर लावत दोन दिवस वाचो. "बाई, माहा पयला नंबर आला. बाई, गणितात माहा पयला नंबर आला." दुसरं काही नाहीच राहे त्या कार्डात. मी ते कार्डं पत्र्याच्या पेटीत ठेओ आन वाटे, चला, एक तरी काम नीट झालं माह्या हातून.

आता त्या फडाचं सांगतो. तुले सारं मालूम हाय, पन वाचनाऱ्याईले नाही मालूम.

उनाया लागला का आमच्या गावात तेंदूपत्त्याचं काम निंगे. झुंजुमुंजु जंगलात जाचं, पानं तोडाचे, घरी आनून सत्तर सत्तर पानाचे पुडे बांधाचे, आन दुपारून फडावर, म्हंजे पानं खरेदीच्या जाग्यावर, न्याचे. फडावर ठेकेदाराचा मुनशी बसे. तो ढिगातून कोनताबी एक पुडा उचले, दोरी सोडे, पानं मोजे. पानं कमी निंगाले, फाटके निंगाले, का तुमच्या साऱ्या ढिगाचे पैसे कापले. एका पुड्यावरून सारे पुडे. बाया त्याच्या हाताकडं पाहत उभ्या राहत, कोनता उचलते कोनता उचलते म्हनून.

त्या वर्सी माह्या मालकाच्या पायावर सागाचं लाकूड पडलं होतं. मांडीचं हाड मोडलं. जंगलखात्याच्या कटाईवर गेलता, उचलून आनला. तो खाटेवर, दोन लेकरं लहान, आन पानं तोडनारी मी एकटी. सत्तर पानाचा पुडा मले पुरेना. मी साठ टाकू लागली, मंग पन्नास. दोनी बाजूनं चांगले पानं लावो, मंधात कमी. हे चोरीच होती. मी दुसरं नाव देत नाही तिले.

मुनशीले समजलं. त्याले कसं नाही समजन, रोजचं काम त्याचं. पयल्या दिवशी त्यानं माहा पुडा उचलला, हातात तोलला, माह्याकडं पाहिलं आन न सोडताच बाजूले ठेवला. म्हने, "देवकावयनी, जा. पास हाय." त्या दिवसापासून त्यानं माहा एकबी पुडा सोडला नाही. सारा हंगाम. बाकीच्या बाया पाहत. एकजणी तं तोंडावर म्हने, "तुहे पानं सोन्याचे हायत का वं?" मी खाली मान घालून घरी ये. घरी लेकरं जेवत.

तो मुनशी म्हंजे तोच. त्याचं नाव मी घेत नाही. तूबी मंग उभ्या जलमात घेतलं नाही. आपल्याच समाजाचा, माह्या घरापासून तिसरं घर. विधवा माय आन तो.

हंगाम सरला, पानी झाला, हिवाया लागला. एक दिवस बाबा आले. दोन एसट्या बदलून, हातात पिशवी, पिशवीत तुह्या हातच्या लाह्या. ओट्यावर बसले. पानी पेले. म्हने, "बाई, तुह्या गावच्या मुनशीकडून सुजीले मागनं आलं हाय. पोरगा कसा हाय? त्याचं दार तिथं, तुहं दार इथं. तुले नाही मालूम तं कोनाले मालूम."

आपल्यात लगनाच्या पयले चौकशी राहते. पोराच्या गावात जाचं, ओयखीचं घर पाहाचं, आन इचाराचं, घर कसं, पोरगा कसा. तो जे सांगन त्याच्यावर पोरगी जाते. बाबाले कोनाकडं जाची गरजच नोती. त्याचीच पोरगी तिथं होती.

म्या चुलीत लाकूड सरकवलं. म्हनलं, "चांगला हाय बाबा. कमावता हाय."

"पेते का?"

"हंगामात थोडीशी. कोन नाही पेत?"

"हात तं उचलत नाही ना कोनावर?"

"नाही."

"तुहा शब्द हाय ना बाई?"

"हाय."

बस. इतकंच झालं. बाबानं भाकर खाल्ली आन दुपारच्या गाडीनं वापस गेले. मुनशी स्वता त्याईले सायकलवर बसवून फाट्यावर सोडाले गेला. आमच्या समोरच्या दारात एक कोलाम आदिवासी म्हातारी राहे. तिनं जलमात त्या फडावर पान नेलं नाही, ते मोहाचे फुलं येचे आन बांबूचे टोपले करे. तिले बाबानं एक सबूद इचारला असता तं तिनं सांगतलं असतं. पन बाबा तिच्याकडं कायले जाईन? सख्खी पोरगी बोलून चुकली होती.

तू आली. अठराची. बारावी झाली होती, कॉमर्सची, पुस्तकं पेटीत घेऊन आलती सासरी. दीड वर्स राह्यली. तिसरं घर. मले सारं आयकू ये. मी लेकराईले मोठ्यानं बोलाले लावो. एक दिवस त्यानं मारलं ते तुह्या डाव्या कानावर बसलं. तू माह्या दारात आली, कान धरून, म्हने, "बाई, कोंबडे ओरडून राह्यले का?" बाहेर कोंबडा नोता. तो कान मंग गेलाच. जिंदगीभर तू मान उजवीकडून फिरवून आयके. तुहे पोरं समजत मॅडमची स्टाईल हाय ते.

तू मले कधीच म्हनलं नाही, का बाई, तुनं तं चांगला म्हनलं होतं. एकदाबी नाही. म्हनलं असतं तं बरं झालं असतं. मी पाया पडली असती, आन सुटली असती.

मंग बाजाराच्या दिवशी, तो डेपोत गेलता तवा, म्या तुले पेटीसकट घेतलं आन आडवाटेनं फाट्यावर नेलं. यवतमाळच्या गाडीत बसवलं, स्वता संग बसली. तिथं पोरीईच्या होस्टेलात टाकलं. वापस आली तं गावानं लय आयकवलं. मुनशीनं पुढच्या हंगामात माहा एक एक पुडा सोडला आन फडावर उधळून देल्ला. मी ते पानं येचत बसली, आन मंग फडच सोडला. कापूस येचला, गिट्टी फोडली, लोकाईचे घरं सारवले. मालक लंगडत का होईना उठला. पार पडलं ते सारं. त्याचं मले काही नाही.

पन तू सगळ्याईले सांगे, "माह्या बाईनं मले बाहेर काढलं." तुह्या मैत्रिणीईले सांगे, तुह्या सराईले सांगे. पेपरात तुहा फोटो आला तवाबी तेच सांगतलं. लोकं माह्या पाया पडत. आन मी उभी राहो, सुजे. आत टाकलं कोनं, हे कोनी इचारेच ना.

तुहं शिकनं मले काय समजे? तू सकायी कापडाच्या दुकानात बिलं लिही, दुपारी कॉलेज, संध्याकायी लोकाईच्या पोराईच्या शिकवण्या. मी जवारी, तुरीची दाय, मोहाचं लोणचं पोचवाले ये. एक डाव आली तं तू तापानं फणफणली होती आन छातीवर पुस्तक. म्या ते पुस्तक उचलून फेकलं. तू म्हने, "बाई, फेकू नोको, लायब्ररीचं हाय, दंड पडन." त्या तापात तुले दंडाची कायजी.

मंग तू शिकवाले लागली, तासावर. जितके तास तितके पैसे, सुट्टीत काहीच नाही. लय वर्सं तशी काढली. पोरं तुले मॅडम मॅडम करत आन तू महिन्याच्या आखरीले मले फोन करे, "बाई, येताना पीठ घेऊन ये." मंग पक्की झाली. मंग पीएचडी. तुह्या खोलीत कंपन्याईचे जाडे जाडे पुस्तकं, वरून चकचकीत. दरवर्सी कंपनी आपला जमाखर्च छापते म्हने. मले ते पापड वाळू घालाले लय चांगले वाटत, सपाट. तू कॉलेजातून आली आन ओरडली, "बाई! त्या पंख्याच्या कंपनीवर पापड नोको घालू, मले आज तेच पाहाचं हाय!"

"मंग कोन्तीवर घालू?"

"त्या साखरवालीवर घाल. ते तसंबी बुडाली हाय."

किती हासलो आपन. तुह्या गाइड सराचा फोन आला तरी तुहं हासनं थांबेना.

त्याच दिवसाची गोष्ट. जेवाले बसलो. म्या इचारलं, "इतकं कायच्यावर लिहून राह्यली वं तू?"

"क्रेडिट रेटिंग, बाई."

"म्हंजे?"

"म्हंजे असं पाह्य. एका कंपनीले लोकाईकून उसने पैसे पाहिजे. लोकाईले काय मालूम हे कंपनी कशी हाय ते? मंग एक तिसरा राहते. तो कंपनीचे कागद पाहते, कारखाना पाहते, मालकाले भेटते, आन सांगते, हे पक्की हाय, हे मधली, हे बुडनारी. अक्षरं देते. त्या अक्षराच्या भरवशावर लोकं आपला जमा पैसा टाकते."

माह्या तोंडातून निंगून गेलं, "लगनाच्या चौकशीवानी."

तू भाजीकडं पाहून म्हने, "तसंच."

आन मंग म्या इचारलं. काहून इचारलं ते मले आजबी समजत नाही. म्हनलं, "आन त्या सांगनाऱ्याचं पोट कोन भरते?"

तू भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला. म्हने, "तेच तं बाई. ज्याची चौकशी कराची, तेच कंपनी त्याले पैसे देते. माहं सारं काम तेवढ्यावरच हाय. असा माणूस खरं सांगते का, कवा सांगते, कवा डोये झाकते."

म्या पानी पेलं. तू पुढं बोलत राह्यली, कंपन्याईचं, मुंबईचं. तू मुंबईले गेलती तवा त्या रेटिंगवाल्याईच्या हापिसात वॉचमननं तुले दोन घंटे बाहेर बसवलं होतं, तो तुले कामवाली समजला, ते सांगत राह्यली. मी हूं हूं करो. तवा सांगाचं होतं. एकाच ताटाशी बसलो होतो. तवा नाही सांगतलं.

पन त्या दिवसापासून आपलं भांडन सुरू झालं. तुले आठवत असन. मी म्हनो, "सांगनाऱ्याची काही मजबुरी असन ना." तू म्हने, "असू दे ना मजबुरी. मी कुठं म्हनतो त्याले फाशी द्या? पन आयकनाऱ्याले आंधी एवढं सांगाव, का बापू, मी याचं खातो. आता माह्या शब्दाचं वजन तू ठरव. तेवढं सांगतलं तरी त्याचं अर्धं पाप गेलं."

"असं कोनी सांगते का सोताच्या तोंडानं?"

"कंपनीले कायदा सांगाले लावते, बाई. माणसाले कोन लावन?"

दर दिवाईले, दर उनायाच्या सुट्टीत, हेच भांडन. तुह्या शेजारच्या मॅडमले वाटे आमी दोघी बँकेच्या कामाचं बोलून राह्यलो. एक डाव माहा तोल गेला. म्या म्हनलं, "तुले पुस्तकातलं मालूम हाय. पोटातलं नाही मालूम." तू ज्या नजरेनं पाहिलं मले. तिसऱ्या दिवशी चहाचा कप माह्यापुढं ठेवला आन म्हने, "पोटातलं मले तुह्यापेक्षा कमी मालूम नाही, बाई. पन तुनं सांगतलं तं आयकीन." मी चहा पेली. शेजारच्या मांजरीचं काहीतरी बोलली.

पीएचडीच्या तोंडी परीक्षेले तुनं मले नेलं होतं. मी मांगच्या बाकावर, नवं लुगडं, पायात नवी चप्पल टोचून राह्यली. एवढे मोठे मोठे सर. एकानं इचारलं, "मॅडम, हा विषय तं मुंबईच्या लोकाईचा. तुमाले कसा सुचला?" तू मान उजवीकडून फिरवली आन मले पाहिलं, एवढ्या लोकाईत. म्हने, "घरून सुचला, सर." सारे हासले, टाळ्या झाल्या. मलेबी वाटलं, माहा मानच केला पोरीनं. मीबी टाळ्या वाजवल्या. आता ते टाळ्या आठवल्या का हात गरम होते माहे.

मंग हा आजार. त्याचं मी बोलत नाही. शेवटी शेवटी तुले घरी आनलं होतं. एक दिवस दुपारी पोरीवानी झोपली होती, उजव्या कुशीवर. चांगला कान उशीत, डावा कान वर. घरात कोनी नोतं. मी खाटेवर बसली, तुह्या केसावरून हात फिरवला. केसं राह्यलेच किती होते. आन तुह्या कानाशी तोंड नेऊन म्या सारं सांगतलं. फडाचं, पुड्याचं, बाबाचं, आन जे बाबापासूनबी लपवलं तेबी. एक एक सबूद.

डाव्या कानात सांगतलं, सुजे. जो कान त्यानं फोडला त्याच कानात. मले मालूम होतं कोन्ता कान कोन्ता ते. मी चाळीस वर्सं तुह्या उजव्या बाजूनं चालली, मले मालूम नसन का?

तू डोये उघडले. म्हने, "बाई, काही म्हनलं का?"

म्या म्हनलं, "पानी देऊ का म्हनलं."

"दे."

चमच्यानं पानी पाजलं. तू माहा हात धरून ठेवला, आन म्हने, "तू जेवली का?" चवथ्या दिवशी तू गेली.

परवा तुह्या कॉलेजात शोकसभा झाली. पंचशील झालं, फुलं वाहिले. मले पुढं खुर्चीवर बसवलं. लोकं बोलले, चांगलंच बोलले. मंग तुही एक जुनी विद्यार्थिनी उभी राह्यली, आता बँकेत साहेब हाय ते. आंधी रडलीच. मंग म्हने, "मॅडम क्रेडिट रेटिंग शिकवायला सुरुवात करायच्या तेव्हा कंपनीचं नावच काढायच्या नाहीत. आधी एक गोष्ट सांगायच्या, दर वर्षी तीच. जंगलातल्या गावात एक बाई होती. नवरा अंथरुणाला खिळलेला. तेंदूपत्त्यावर घर चालायचं. फडावरचा मुनशी तिचे पुडे न सोडता पास करायचा. एक दिवस त्याच मुनशीची लग्नासाठी चौकशी करायला माणूस त्याच बाईकडे आला. सांगा, ती काय सांगेल?"

सुजे, माह्या हाताखालची खुर्ची मले सापडेना.

पोरगी पुढं म्हने, "आम्ही सगळे ओरडायचो, चांगलाच आहे म्हणेल! मॅडम विचारायच्या, चूक कोणाची? आम्ही म्हणायचो, बाईची. मॅडम मान हलवायच्या. म्हणायच्या, त्या बाईनं वाईट काही पाहिलं नव्हतं. जेवढं दिसलं तेवढं सांगितलं, आणि पलीकडचं बघायची सोय तिच्या पोटानं ठेवली नव्हती. चूक विचारणाऱ्याची. त्यानं समोरच्या दारात विचारायला पाहिजे होतं."

म्हंजे तुले मालूम होतं. पुड्याचं मालूम होतं. कोनं सांगतलं तुले? त्यानंच सांगतलं असन, मारता मारता. "तुह्या बहिणीचं तोंड म्या पानानं बंद केलं" असंच काहीतरी. आन तू ते घेऊन बसली. माह्या घरी जेवली, माह्या लेकराईचे लगनं केले, माहा मोतीबिंदू काढला, माह्याशी भांडली, आन मी कवा सांगतो त्याची वाट पाहत राह्यली. तुह्या त्या साऱ्या भांडनात तू मले दार उघडून देत होती आन मी दारातून मांजरीच्या गोष्टी करत होती. "तुनं सांगतलं तं आयकीन." किती डाव म्हनलं असन तुनं, अलग अलग शब्दात. मी बैल.

लोकं माह्याभोवती गोया झाले, म्हने बाईले चक्कर आली. चक्कर नोती आली. मी मनात पोराईच्या संग ओरडून राह्यली होती. बाईची, चूक बाईची.

तुनं त्या बाईले माफ केलं. दर वर्सी, नव्या नव्या पोराईपुढं उभं राहून माफ केलं. पन सुजे, तू इतकी शिकली, इतक्या कंपन्याईचे कागद तपासले, आन घरच्या माणसाचा एक पुडा तूबी सोडून पाहिला नाही. तू पोराईले सांगतलं त्या बाईनं वाईट काही पाहिलं नोतं. हे तुले कोनं सांगतलं? कोनीच नाही. ते तू सोताच ठरवलं. तुले माही माया आडवी आली.

आता आयक. उजव्या कानानं आयक.

बाबा येन्याच्या महिनाभर आंधी, मुनशीची माय दुपारी माह्या दारात आली. उजवा हात मनगटातून लोंबत होता. पोरानं पिरगाळला होता, भाजी खारट झाली म्हनून. दवाखान्यात जाले ते तयार नाही. म्या बांबूच्या कामट्या घेतल्या, जुनं लुगडं फाडलं आन तिचा हात बांधला. माह्या याच हातानं. ते कण्हत कण्हत म्हने, "देवके, कोनाले सांगू नोको. पोराचं लगन व्हाचं हाय." म्या म्हनलं, "नाही सांगत."

आन बाबा आले त्या दिवशी मुनशीची माय तिच्या दारात उन्हात बसली होती, हात गयात बांधून. बाबाले ओट्यावरून सरळ दिसे ते. बाबानं पाहिलं तिच्याकडं. तुहा बाप हुशार होता सुजे, तू त्याच्यावरच गेली. त्यानं इचारलं, "बाई, त्या म्हातारीच्या हाताले काय झालं?"

म्या म्हनलं, "ओट्यावरून पडली बाबा."

बाबानं बराच वेय तिकडं पाहिलं. मंग भाकर मागतली.

इचारनाऱ्याची चूक नोती. त्यानं जे इचाराचं ते सारं इचारलं होतं.

समोर बसलेल्या मॅडम म्हनून राह्यल्या, "बाई, हे छापायचं का? हे राहू द्या ना." त्याईचे डोये भरले हायत. म्या सांगतलं, छापा. माह्या सुजीचं म्हननं होतं का आयकनाऱ्याले सांगाव. हे पुस्तक तुहे पोरं वाचन, जे दर वर्सी ते गोष्ट आयकून आपापल्या गावाले गेले, बँकेत लागले, शायेत लागले. त्याईच्या डोक्यात ते बाई अजून बिचारी हाय. तशी नोको राहू दे तिले. तुनं वर्गात तिचं नाव कधी घेतलं नाही, मले झाकलं. नाव मी सांगतो. तिचं नाव देवकाबाई. सुजाता मॅडमची सख्खी मोठी बहीण. तिनं पाहिलं होतं.